झांकल्या कामाची नीति

मनुष्याच्या नीतीची कसोटी कोठें लागते असा प्रश्न केला, तर नीतिशास्त्रावरील ग्रंथ बहुधा मोठ्या प्रसंगांकडे बोट दाखवितात. रणांगण, न्यायासन, दुष्काळ, मृत्युशय्या असे ते प्रसंग असतात. आणि ते वाचीत असतां आपणहि त्या वेळीं धैर्यानें वागलों असतों असें प्रत्येक वाचकास वाटतें. परंतु आम्हां पांढरपेशा गृहस्थांच्या वांट्याला रणांगण येत नाहीं आणि न्यायासनावर आम्हांस कोणी बसवीत नाहीं. आमची कसोटी लागावयाची ती स्वयंपाकघरांत, कचेरींत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढें, नाहीं तर घरामागच्या पत्र्याच्या छपराखालीं. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमची अशी एक कसोटी लागली. विषय अगदीं क्षुद्र होता. मोटारीच्या एंजिनांतला एक रबरी पट्टा घरीं बदलावयाचा होता. तीस वर्षें आम्ही विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकवीत आलों. पण ‘मला अमुक गोष्ट ठाऊक आहे’ असें म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हां प्राप्त होतो, हा प्रश्न त्या पट्ट्यानें जितक्या कठोरपणें आम्हांस विचारला तितक्या कठोरपणें कोणत्याहि ग्रंथानें विचारला नव्हता. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ज्या वाचकांनीं मोटारीचें बॉनेट उघडून आंत कधीं डोकावलें नसेल, त्यांच्यासाठीं आधीं थोडें विवेचन केलें पाहिजे. एंजिनाच्या नळकांड्यांत पिस्टन खालींवर होतात आणि त्यांच्या जोरानें खालचा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरतो. नळकांड्यांच्या माथ्यावर झडपा असतात. कांहीं हवा आंत घेतात, कांहीं जळालेला धूर बाहेर सोडतात. त्या उघडण्याचें काम वरच्या दांड्याचें, म्हणजे कॅमशाफ्टचें. हवा ओढणें, ती दाबणें, जळण पेटणें आणि धूर बाहेर टाकणें या चार क्रिया पुऱ्या होण्यास खालच्या दांड्याचे दोन फेरे लागतात, आणि तेवढ्यांत प्रत्येक झडप एकदांच उघडावयाची असते. म्हणून खालचा दांडा दोनदां फिरला कीं वरचा बरोबर एकदां फिरला पाहिजे. हें प्रमाण राखण्यासाठीं दोन्ही दांड्यांच्या दातेरी चाकांवरून एक दातेरी पट्टा ओढून बसविलेला असतो. गॅरेजांत त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. आमच्या गाडीसारख्या जुन्या धर्तीच्या डिझेल एंजिनांत हाच पट्टा डिझेल पुरविणाऱ्या पंपालाहि त्याच तालांत फिरवितो.

पूर्वीं हें काम लोखंडी चाकें किंवा सांखळी करीत असे, व आजहि अनेक गाड्यांत सांखळीच असते. मोठ्या संख्येनें विकावयाच्या मोटारींत रबरी दातेरी पट्टा प्रथम आला तो १९६२ सालीं, बव्हेरियांतील ग्लास नांवाच्या लहानशा कारखान्याच्या १००४ या गाडींत. १९६६ सालीं अमेरिकेंत पाँटिअॅकनें व इटलींत फियाटनें तो उचलला. पट्टा सांखळीहून हलका, स्वस्त आणि मुका. पण हा मुकेपणा जसा त्याचा गुण तसाच दोषहि आहे. सांखळी झिजली म्हणजे बहुधा खडखडूं लागते व मालकाला जागें करिते. पट्टा पुष्कळदां शेवटच्या क्षणापर्यंत कांहीं बोलत नाहीं.

बाहेरून रबर आणि आंत कांचेच्या तंतूंच्या दोऱ्या, अशी त्याची घडण. कारखानदार पुस्तिकेंत त्याची आयुर्मर्यादा छापतात: इतके किलोमीटर किंवा इतकीं वर्षें, यांपैकीं जें आधीं येईल तें. वर्षांची मर्यादा अशासाठीं कीं उभ्या गाडींतलें रबरहि काळानें म्हातारें होतें. आम्हीं एकदां हिशेब केला. ताशीं सरासरी ५० किलोमीटर वेगानें आणि मिनिटास २,००० फेऱ्यांनीं गाडी १,००,००० किलोमीटर चालली, तर तिला २,००० तास लागतात व तेवढ्यांत खालचा दांडा २४ कोटी वेळां फिरतो. २४ कोटी फेऱ्यांत एकहि दांता न चुकणाऱ्या या सेवकाची मालकाला एकदांहि आठवण होत नाहीं. तो तुटला म्हणजे मात्र होते. बहुतेक डिझेल एंजिनांत पिस्टन माथ्यावर येतो तेव्हां उघड्या झडपेला तेथें जागाच उरत नाहीं. पट्टा तुटला कीं वरचा दांडा जेथल्या तेथें थांबतो, खालचा गतीच्या भरांत फिरत राहतो, आणि पिस्टन उघड्या राहिलेल्या झडपांवर आदळून त्यांना वांकवितो. एंजिन बंद पडतें, ब्रेकला यंत्राची मिळणारी मदत दोनचार दाबांत संपते, स्टिअरिंगचें चाक जड होतें. सपाट रस्त्यावर हें नुकसान पैशाचें असतें. घाटाच्या उतारावर तें कशाचें असेल हें सांगतां येत नाहीं.

आमची गाडी आम्हीं चार वर्षांपूर्वीं कोल्हापुरांतल्याच एका सेवानिवृत्त गृहस्थांकडून विकत घेतली. व्यवहार ठरतांना ‘पट्टा बदललेला आहे’ असें त्यांनीं सांगितलें. पावती मागण्याचें आम्हांस सुचलें नाहीं; खरें सांगावयाचें तर सुचलें होतें, परंतु भल्या माणसाजवळ पावती मागणें प्रशस्त वाटलें नाहीं. पुढें चार वर्षें गाडी गांवांतल्या गांवांत, फार तर पन्हाळ्यापर्यंत किंवा ज्योतिबाच्या डोंगरापर्यंत जात राहिली, आणि ‘पट्टा बदललेला आहे’ हें वाक्य त्या गृहस्थांच्या तोंडचें न राहतां आमच्या स्वतःच्या ज्ञानाचा भाग होऊन बसलें. केव्हां बदलला, किती किलोमीटरवर बदलला, कोणीं बदलला, यांतलें कांहींच ठाऊक नसतां तेंच वाक्य आम्ही कोणी विचारिलें तर ठामपणें सांगत असूं.

या वर्षीं आमच्या मुलीला वैभववाडीकडील एका दवाखान्यांत नोकरी लागली आणि गाडी तिला द्यावयाचें ठरलें. कोल्हापुराहून गगनबावडा, आणि तेथून करूळचा घाट उतरून कोंकण, असा तिचा दर पंधरा दिवसांनीं येण्याजाण्याचा रस्ता होणार होता. निघण्याआधीं महिनाभर एके संध्याकाळीं तिनें सहज विचारिलें, ‘बाबा, पट्टा बदललेला आहे ना?’ आम्हीं तोंड उघडलें, आणि चार वर्षें अनेकांना सांगितलेलें तें वाक्य आमच्या तोंडून निघेना.

त्या क्षणीं आम्हांस क्लिफर्डच्या जहाजमालकाची आठवण झाली. विल्यम किंग्डन क्लिफर्ड हा इंग्रज गणिती. १८७७ सालीं त्यानें ‘विश्वासाची नीति’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत एक जहाजमालक आहे. त्याचें जहाज जुनें व पुष्कळदां डागडुजी झालेलें. देशांतरास निघालेलीं कुटुंबें त्यावर चढावयाचीं आहेत. जहाज तपासून घ्यावें असें मालकाच्या मनांत येतें, पण खर्चाचाहि विचार येतो. मग तो स्वतःची समजूत घालतो. आजवर इतक्या सफरी सुखरूप झाल्या, तशी हीहि होईल. ईश्वर या कुटुंबांचें रक्षण करील. बांधणाऱ्या कारागिरांविषयीं संशय घेणें बरें नव्हे. होतां होतां त्याची मनापासून खात्री पटते. तो आनंदानें जहाजाला निरोप देतो, आणि तें समुद्रांत बुडाल्यावर विम्याचे पैसे घेऊन गप्प राहतो. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं या मनुष्याची श्रद्धा खरी होती हा त्याचा बचाव होऊं शकत नाहीं. कारण ती त्यानें तपास करून मिळविली नव्हती, शंका दाबून मिळविली होती. इतकेंच नव्हे, तर जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी त्याचा अपराध कमी झाला नसता. हा निबंध आम्ही पुष्कळ वर्षें वर्गांत शिकवीत आहों. विद्यार्थी दर वर्षीं जहाजमालकाला दोषी ठरवितात, आम्ही संतोषानें मान डोलावितों. आणि गेलीं चार वर्षें तर घंटा झाल्यावर त्याच गाडींत बसून घरीं येत होतों.

आमच्या श्रद्धेची भिंत आम्हीं त्या रात्रीं तपासून पाहिली. तिच्यांत दोन विटा होत्या. पहिली, ‘आजवर तुटला नाहीं’. ही सर्वांत फसवी. जी वस्तु वापरानें झिजते, तिच्या बाबतींत गतकाळाचें यश हें बळाचें प्रमाण नसून वयाचें प्रमाण असतें. तिचा प्रत्येक सुखरूप दिवस तिच्या अखेरच्या दिवसाला एक दिवस जवळ आणितो. दुसरी वीट, ‘भल्या माणसानें सांगितलें’. भल्या माणसाचा शब्द प्रमाण मानणें यांत गैर कांहीं नाहीं. आप्तवाक्याला आपल्या न्यायशास्त्रानेंहि प्रमाणांत स्थान दिलें आहे. परंतु आप्त कोण? ज्याला वस्तु जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो तो. त्या गृहस्थांच्या सत्यवादित्वाविषयीं आम्हांस शंका नव्हती; पण त्यांनीं पट्टा बदलतांना स्वतः पाहिला होता, कीं त्यांनाहि कोणीं तरी तसें सांगितलें होतें? झांकणाखालच्या वस्तूची वार्ता अशीच एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं जाते, आणि वाटेंत कोठें तरी ‘म्हणतात’ हा शब्द गळून पडतो. राहिली तिसरी गोष्ट, तपासण्याचा खर्च व खटाटोप. ती वीट नव्हतीच. दोन्ही विटांना जोडणारा चुना होता.

पट्ट्याची परीक्षा करण्याचाहि सोपा मार्ग नव्हता. वरचें झांकण काढून त्याची पाठ पाहतां येते. भेगा दिसल्या तर तो वाईट ठरतो, पण न दिसल्या तर चांगला ठरत नाहीं. ज्याचें वय ठाऊक नाहीं अशा पट्ट्याला एकच न्याय लागू, तो म्हणजे नवा बसविणें. हें काम घरीं करावें असें आम्हीं ठरविलें, आणि येथें कबूल केलें पाहिजे कीं त्यामागचे सर्वच हेतु शुद्ध नव्हते. थोडी काटकसर होती व थोडी फुशारकीहि होती. शिवाय, चार वर्षें जी वस्तु न पाहतां तिच्याविषयीं बोललों ती एकदां डोळ्यांनीं पाहावी, अशी इच्छा होती. आमच्या भाच्यानें यंत्रविद्येची पदविका घेतली असून तो उद्यमनगरांतल्या एका कारखान्यांत काम करितो. त्यानें होकार दिला. हरकत आली ती घरांतून. आमची पत्नी म्हणाली, ‘अहो, परक्याचा शब्द पुरत नाहीं म्हणून आतां स्वतःचा घेणार. पण तुमचा हात या कामांत कधीं बसला होता? चुकलें तर घाटांत तुम्ही असणार नाहीं, ती असणार.’

ही हरकत सर्वस्वीं योग्य होती. स्वावलंबन हा सद्गुण आहे असें आपण शाळेपासून ऐकतों. पण तें कोणाच्या जोखमीवर, हें विचारण्याची चाल नाहीं. आपल्याच अंगरख्याचें बटण लावणें आणि दुसऱ्याच्या जिवाशीं संबंध असलेलें यंत्र उघडणें हीं एकाच जातीचीं स्वावलंबनें नव्हत. मिस्त्रीच्या हातामागें शेंकडों पट्ट्यांचा अनुभव असतो; आमच्या हातामागें खडू होता. शेवटीं तडजोड निघाली ती अशी. काम भाच्यानें व आम्हीं करावें. पण झांकणें मिटण्यापूर्वीं उद्यमनगरांतल्या एका जुन्या मिस्त्रींनीं येऊन जुळणी पाहावी, आणि त्यांनीं हो म्हणेपर्यंत एंजिनाला किल्ली लावूं नये.

शनिवारीं सकाळीं एंजिन थंड असतां आरंभ झाला. बॅटरीची तार सोडली, मागल्या चाकांना दगड लावले, पुढचें उजवें चाक काढलें. गाडी उचलली जॅकनें, पण टेकविली लोखंडी घोडीवर. जॅक उचलण्यासाठीं असतो, त्याच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालावयाचा नसतो, हें भाच्यानें आम्हांस प्रथमच बजाविलें. एंजिनाखालीं लांकडाचा ठोकळा देऊन दुसऱ्या जॅकनें त्याला आधार दिला व त्या बाजूचें माउंटिंग सोडलें. खालच्या पुलीचा बोल्ट सुटण्यास दोघांचेंहि वजन खर्चीं पडलें. मग झांकणें निघालीं आणि पट्टा दृष्टीस पडला.

तो पाहून आमची निराशा झाली असें लिहिलें तर वाचक हंसतील. आम्हांस तो भेगाळलेला, दोरे सुटलेला, दांते झिजलेला हवा होता. म्हणजे आमची शंका सार्थ ठरली असती आणि घरांत चार शब्द अभिमानानें बोलतां आले असते. पण तो काळा, अखंड व सभ्य दिसत होता. त्यावरचीं छापील अक्षरें पुसून गेलीं होतीं. तो मध्यंतरीं बदललेला होता कीं गाडीबरोबर कारखान्यांतून आलेलाच होता, हें त्यावरून ठरवितां येईना. त्या गृहस्थांचें वाक्य खरें होतें कीं नव्हतें, हें आतां आम्हांस कधींच कळावयाचें नाहीं, आणि त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा आम्हांस अधिकारहि नाहीं. निश्चित झालें तें इतकेंच, कीं चार वर्षें आमच्याजवळ विश्वास होता, ज्ञान नव्हतें.

पहिल्या नळकांड्याचा पिस्टन माथ्यावर आणून तिन्ही चाकांवरच्या खुणा जुळविल्या, पिना घालून चाकें जखडलीं, आणि पट्ट्याला ताण देणारा टेन्शनर सैल करून जुना पट्टा उतरविला. टेन्शनर व पट्ट्याला वळण देणारी फिरकी हींहि नवीं घातलीं. कारण तीं अडकलीं तर नवा पट्टाहि वांचत नाहीं. नवा पट्टा दुमडावयाचा नाहीं, पिळावयाचा नाहीं, त्याला तेलाचा हात लावावयाचा नाहीं. खालच्या चाकापासून सुरुवात करून, ओढाची बाजू ताठ ठेवीत, तो चढविला. येथें एका दांत्याची चूकहि चालत नाहीं, आणि एक दांता म्हणजे करंगळीच्या नखाएवढें अंतर. जुळणी मनासारखी झाल्यावर टेन्शनरनें ताण दिला, आणि त्याचा बोल्ट आंवळण्याचें काम भाच्यानें टॉर्क रेंच हातीं देऊन आमच्याकडे सोंपविलें. हा पाना ठराविक जोर झाला म्हणजे ‘कट्’ असा आवाज करितो. नवशिक्याच्या हातांत देण्यास म्हणूनच तो बरा.

मग या कामांतला आम्हांस सर्वांत थोर वाटलेला विधि आला. पिना काढून, किल्ली न लावतां, खालच्या दांड्याच्या बोल्टाला लांब पाना घालावयाचा आणि एंजिन हातानें पुरे दोन फेरे फिरवून खुणा पुन्हां पाहावयाच्या. दोन फेरे कां, तें वर आलेंच आहे. तेवढ्यांत वरचा दांडा एक फेरा पुरा करितो आणि प्रत्येक झडप एकदां उघडून मिटते. जुळणींत मोठी चूक असेल तर पिस्टन झडपेला टेकतो. कोंडलेल्या हवेचा अडथळा हळूहळू चढतो व ओसरतो. हा अडथळा एकदम येतो, धातूवर धातूचा, आणि तो लागतांच हात थांबतो. किल्ली फिरविली असती तर स्टार्टर थांबला नसता. त्याला जोर आहे, जाणीव नाहीं. आपल्या घरांत, संस्थांत आणि राज्यकारभारांत कितीक नव्या योजना अशा असतात कीं त्यांना जोराची किल्ली लावण्यापूर्वीं कोणीं तरी दोन फेरे हातानें फिरवून पाहावयास हवे होते!

चार वाजतां मिस्त्री आले. त्यांनीं चष्मा लावला, पाना घेतला, स्वतःच्या हातानें आणखी दोन फेरे फिरविले, तिन्ही खुणा बॅटरीच्या उजेडांत पाहिल्या, आणि पट्टा दोन बोटांत धरून किंचित् पिळून पाहिला. उठतां उठतां त्यांनीं विचारिलें, ‘सर, टेन्शनरचा बोल्ट आंवळलाय ना?’ आम्हीं म्हटलें, ‘हो.’ ते गेले. झांकणें, माउंटिंग, पुली, चाक, सर्व जागच्या जागीं बसलें, आणि दिवेलागणीला एंजिन पहिल्याच किल्लीला सुरू होऊन संथपणें चालूं लागलें.

रात्रीं दोनच्या सुमारास आम्हांस जाग आली. पाना बोल्टावर घातला तें आठवत होतें. त्याच वेळीं चहा आला होता, तेंहि आठवत होतें. ‘कट्’ असा आवाज मात्र आठवेना. सैल बोल्ट आणि आंवळलेला बोल्ट डोळ्याला सारखेच दिसतात. मिस्त्रींना खुणा पाहतां आल्या, जोर पाहतां आला नाहीं. म्हणून तर त्यांनीं विचारिलें होतें, आणि आम्हीं हो म्हटलें होतें. त्या ‘हो’च्या मागें काय होतें? आंवळण्याचा हेतु होता, आंवळल्याची समजूत होती, आणि मिस्त्रींसमोर अडाणी दिसूं नये अशी इच्छा होती. ज्या वाक्यावरून हा सर्व खटाटोप उभा राहिला त्याच जातीचें वाक्य आम्हीं, त्या झांकणासमोर उभे राहून, स्वतः उच्चारिलें होतें. त्या अंधारांत आम्हांस ते सेवानिवृत्त गृहस्थ प्रथमच समजले.

सकाळीं भाच्याला बोलाविलें आणि सांगितलें कीं उघडावयाचें आहे. तो म्हणाला, ‘मामा, एंजिन किती छान चाललं! सैल असता तर कळलं असतं.’ म्हणजे आजवर तुटला नाहीं, हीच ती पहिली वीट. एका रात्रींत ती पुन्हां भाजून तयार झाली होती. चाक, पुली, माउंटिंग, झांकण, सर्व पुन्हां उतरलें. हात थोडे सरावले होते तरी तीन तास गेले. रेंच बोल्टावर घातला, जोर दिला, आणि बोल्ट केसभरहि न हलतां ‘कट्’ असा आवाज झाला. तो आंवळलेलाच होता.

भाचा पोटभर हंसला, आणि तीन तास फुकट गेले असें त्यानें घरांत जाहीर केलें. संध्याकाळीं हें मिस्त्रींना कळविलें तेव्हां ते मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, ‘आमच्याकडं आंवळला कीं पांढऱ्या रंगाचा ठिपका देत्यात, सर. ठिपका नाय तर आंवळला नाय. ध्यानावर कोण इसवास ठेवतंय?’ जन्मभर हें काम केलेला मनुष्य स्वतःच्या स्मरणावर विसंबत नाहीं, आणि आम्ही एक दिवस करून विसंबलों, हा त्यांतला धडा आम्हांस अजून बोंचतो.

आतां ते तीन तास फुकट गेले काय? कोणी सुज्ञ वाचक म्हणतील कीं फळाची इतकी काळजी करणें गीतेच्या उपदेशाला सोडून आहे. लोकमान्यांचें ‘गीतारहस्य’ १९१५ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून कर्मयोगाचा शब्द आमच्या घरोघरीं पोंचला आहे, परंतु त्याचा एक सोयीचा अर्थहि त्याबरोबर पसरला आहे. तो असा कीं आपण काम करावें, पुढचें देवावर सोडावें. फळावरचा हक्क सोडणें निराळें आणि कर्माची पारख सोडणें निराळें. बोल्ट आंवळणें हें आमचें कर्म होतें, आणि तें झालें कीं नाहीं हें पाहणें हा त्याच कर्माचा शेवटचा भाग होता. शिवाय फळाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्या तीन तासांनीं पट्ट्यांत कांहींच फरक पडला नाहीं. फरक पडला तो आमच्या ‘हो’मध्यें. शनिवारीं तें अंदाज होतें, रविवारीं तें साक्ष झालें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक गोष्ट उघडून पाहावयाची म्हटली तर जगणेंच थांबेल. औषध देणाऱ्याचा, पूल बांधणाऱ्याचा, दूध घालणाऱ्याचा शब्द मानल्याशिवाय एक दिवसहि जाणार नाहीं. हें अगदीं खरें. क्लिफर्डचा दंडक अक्षरशः पाळणारा गृहस्थ घराचा उंबरठा ओलांडूं शकणार नाहीं. परंतु उघडून पाहणें शक्य नसेल तेथेंहि एक गोष्ट नेहमीं शक्य असते, ती म्हणजे आपल्या वाक्याला त्याच्या खऱ्या किंमतीनेंच विकणें. ‘बदललेला आहे असें मला सांगण्यांत आलें, मीं पाहिलें नाहीं,’ हें वाक्य चार वर्षें आम्हांस उपलब्ध होतें. त्याला पैसा पडत नव्हता, पाना लागत नव्हता. स्वतःच्या जोखमीवर मनुष्यानें वाटेल त्यावर भरंवसा ठेवावा; पण तो भरंवसा दुसऱ्याच्या हातीं देतांना त्यावरचें ‘म्हणतात’ पुसूं नये. पोंचलेल्या वार्तेला ज्ञानाचा मुलामा देणें हें असत्य भाषणांत धरलें जात नाहीं, आणि म्हणूनच सभ्य माणसें तें निर्धास्तपणें करितात.

आम्हीं बॉनेटच्या आंतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटविली आहे. तींत तारीख आहे, किलोमीटरचा आंकडा आहे. पट्टा, टेन्शनर व फिरकी नवीं घातल्याची नोंद आहे. काम कोणीं केलें, खुणा कोणीं पाहिल्या, बोल्ट कोणीं दोनदां आंवळला, तेंहि लिहिलें आहे. मुलीनें तें वाचून म्हटलें, ‘बाबा, हें कशाला? मी तुम्हांलाच विचारीन कीं!’ आम्हीं सांगितलें कीं ही गाडी पुढें आणखी कोणाच्या हातीं जाईल, आणि त्या माणसाला आम्हांस विचारतां येणार नाहीं.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत ती निघाली. क्लिफर्डच्या न्यायानें आमचें कर्तव्य त्या रविवारींच पुरें झालें होतें, आणि गाडी सुखरूप पोंचण्यानें त्यांत कांहीं भर पडावयाची नव्हती. हें सर्व आम्हांस मान्य आहे, व पुढील वर्षीं वर्गांतहि आम्ही तेंच सांगूं. तथापि घाट उतरून खालीं पोंचल्याचा तिचा निरोप येईपर्यंत आम्ही उभयतां पायरीवर बसून होतों, आणि निरोप आल्यावरच जेवावयास उठलों, हेंहि येथें लिहून ठेविलें पाहिजे.